घाटात गट फुटणारच. तो कुठे जुळेल ते आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. अमरावतीतला दहा जणांचा गट, दर रविवारी वलगाव, आसेगाव, चांदूर बाजार अशा सपाट रस्त्यांवर ऐंशी-शंभर किलोमीटर एकत्र मारणारा. दिवाळीनंतर सगळे चिखलदऱ्याला निघाले आणि घाटात गटाचे तुकडे झाले. दोघं दिसेनासे झाले, शेवटचा तास-सव्वा तास उशिरा पोचला, उतरताना एक जण वळणावर पडून कोपर सोलून आला आणि तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर अबोला आहे. आता विचारताहेत की सगळ्यांनी एकत्र चढायचं तर वेग किती ठेवावा, गिअर कोणते लावावेत आणि सोबत गाडी ठेवावी का.

वेगाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. दहा जणांनी घाट एकत्र चढावा असा कुठलाच वेग नसतो. तो शोधायच्या भानगडीत पडू नका.

सपाटीवर तुमचा गट टिकतो तो हवेमुळे. तीसच्या वेगाने जाताना पायातली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे हात-दोन हातांवर राहिलात तर तुमचे कष्ट पाव ते तृतीयांशाने कमी होतात. म्हणजे सरावाने कमी असलेला माणूस चांगल्या माणसाच्या आडोशाला बसून शंभर किलोमीटर सहज निभावतो, आणि कोण किती पाण्यात आहे हे कुणालाच कळत नाही. घाटात वेग दहावर आला की हवेचा हिशेबच संपतो. उरतं ते वजन आणि उंची. सायकलसकट ऐंशी किलोचा माणूस सहा टक्के चढावर दहाच्या वेगाने जायला साधारण १५० वॅट लावतो. त्याच वेगाला सायकलसकट पंच्याण्णव किलोवाल्याला पावणेदोनशेच्या आसपास लागतात, आणि मागे बसून ते वाचवायची काही सोय नसते. ज्याला दीडशे वॅट तासभर सहज झेपतात त्याला मागच्याच्या वेगाने चढवणं ही त्याला शिक्षा. ज्याला झेपत नाहीत त्याला पुढच्याच्या वेगाने चढवलं तर तिसऱ्या वळणावर तो कठड्यावर बसलेला सापडतो. तेव्हा तुमच्या त्या दोघांनी पुढे जाऊन गुन्हा केला असं मला वाटत नाही. गुन्हा असलाच तर तो पुढे कुठे थांबायचं हे कुणीच ठरवलं नव्हतं हा.

म्हणून घाटाच्या पायथ्याशी गट मोडतो असं आधीच सगळ्यांना सांगून टाका आणि जुळायच्या जागा नावानिशी ठरवा. 'पुढे कुठे तरी थांबू' ही जागा नव्हे. जागा अशी हवी की जिथे रस्ता सपाट आहे, दोन्ही बाजूंनी येणारी गाडी लांबून दिसते, सगळ्या सायकली डांबराच्या बाहेर उभ्या राहतात आणि शक्यतो एखादी टपरी किंवा हापसा आहे. वळणावर, पुलावर किंवा दरीचा देखावा दिसतो म्हणून मध्येच थांबायचं नाही. फोटोची हौस असेल तर पुढच्या थांब्यावर सायकल ठेवून चालत मागे या. पहिल्या खेपेला दर पाच-सहा किलोमीटरवर एक थांबा ठेवा, सरावल्यावर कमी करा.

थांब्याचा एक नियम मात्र लोखंडी ठेवा. नेहमी काय होतं, पुढचे वीस मिनिटं सावलीत बसून ताजेतवाने होतात, शेवटचा धापा टाकत पोचतो आणि त्याला पाहताच सगळे उठून पॅंट झटकतात. सगळ्यात जास्त दमलेल्या माणसाला सगळ्यात कमी विश्रांती. तुमच्या अबोल्याचं मूळ बहुधा इथेच आहे. पुढे गेल्याचा राग लोक विसरतात, हा विसरत नाहीत. तेव्हा मागून आलेला माणूस पाणी पिऊन, दोन घास खाऊन स्वतः 'चला' म्हणेल तेव्हाच निघायचं. पुढच्यांना इतका वेळ बसून अंग गार पडतं अशी तक्रार असेल तर त्यांनी अर्धा-एक किलोमीटर खाली उतरून मागच्याबरोबर पुन्हा चढावं. त्यांचा सराव होतो, मागच्याला सोबत मिळते. सोबत म्हणजे सोबत. 'अजून थोडंच आहे' असं खोटं सांगणं नव्हे.

याहून चांगला उपाय म्हणजे पायथ्यापासून निघायच्या वेळाच वेगळ्या ठेवणं. पंधरा किलोमीटरचा सलग चढ धरा. नऊच्या वेगाने जाणाऱ्याला शंभर मिनिटं लागतात, बाराच्या वेगाने जाणाऱ्याला पंचाहत्तर. मग सावकाश चढणाऱ्यांना वीस-पंचवीस मिनिटं आधी सोडा. पुढचे त्यांना अर्ध्या वाटेनंतर गाठतील, दोन शब्द बोलून ओलांडतील आणि माथ्यावर सगळे पाच-दहा मिनिटांच्या फरकाने जमतील. सावकाश चढणाऱ्याला दिवसभर मागे पडल्यासारखं वाटत नाही आणि वेगवाल्यांना पाठलागाची मजा मिळते. पायथ्याशी चहा घेताना कोण आधी निघणार यावर थोडी थट्टा होते, तेवढी चालवून घ्या. फक्त आधी निघणाऱ्यांत एक तरी रस्ता माहीत असलेला जाणता माणूस हवा.

शेवटी राहणारा माणूस नेमायचाच. आमच्याकडे त्याला स्वीप म्हणतात. हे काम सगळ्यात कच्च्या माणसावर ढकलू नका. तो चांगला चढणारा, पंक्चर काढता येणारा आणि मुख्य म्हणजे घाई नसलेला हवा. त्याच्या मागे गटातलं कुणीही राहता कामा नये; कुणी लघवीला थांबला तरी स्वीप थांबतो. पंप, हत्यारं, मलमपट्टी त्याच्याकडे. दर थांब्यावर डोकी मोजायची. घाटात मोबाइलची रेंज जाते-येते, त्यामुळे 'फोन करून बघू' या भरवशावर दहा माणसं जंगलात सोडायची नाहीत.

गिअरबद्दल. दुकानात सायकल घेताना रेसचे गिअर पाहून आपण भुलतो. पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चकत्या, मागे ११-२५ ची कॅसेट (११ ते २५ दात्यांच्या चकत्यांचा संच), ही जोडी वलगावच्या रस्त्यावर झकास चालते. घाटात ३४ ला २५ लावून पायडलचे मिनिटाला सत्तर फेरे मारायचे तर वेग बाराचा लागतो. तुमचा वेग आठचा असेल तर फेरे पंचेचाळीसवर येतात आणि गुडघा बोलायला लागतो. मागे ३४ दात्यांची कॅसेट टाका. सत्तर फेऱ्यांना पावणेनऊचा वेग पडतो, म्हणजे श्वास सांभाळून बसल्या बसल्या चढता येतं. मागचा डिरेलर, म्हणजे साखळी चकत्यांवर सरकवणारा भाग, तेवढी मोठी कॅसेट घेतो का हे मेकॅनिकला आधी विचारा, सगळे घेत नाहीत. जड गिअर ओढणं म्हणजे मर्दुमकी, हा समज मी तरण्या पोरांतच जास्त पाहिला आहे आणि घाट तो दोन तासांत उतरवतो.

चढायची चाल कशी ठेवावी? पहिला तृतीयांश घाट असा चढा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता येतील. वाक्य तुटायला लागलं की एक गिअर हलका. शेवटच्या टप्प्यात उरलेलं काय ते काढा. लोक नेमकं उलटं करतात: पायथ्याशी पाय ताजे असतात, सगळे बघत असतात, आणि पहिली दोन वळणं उभ्याने मारली जातात.

आता रस्ता. परतवाडा-अचलपूर समुद्रसपाटीपासून ३६९ मीटरवर आहे, चिखलदरा १११८ वर. म्हणजे साडेसातशे मीटरची चढण, तीसेक किलोमीटरच्या अंतरात. ती सगळीकडे सारखी नाही. परतवाड्यातून निघाल्यावर बरंच अंतर शेतं आणि संत्र्याच्या बागांमधून साधाच रस्ता असतो आणि मग डोंगर एकदम अंगावर येतो. रस्ते दोन. एक धामणगाव गढीवरून मोथ्याकडे चढणारा, दुसरा बिहालीवरून घटांगला जाऊन तिथून चिखलदऱ्याकडे वळणारा. घटांगपर्यंतचा रस्ता पुढे सेमाडोह, हरिसाल, धारणीवरून मध्य प्रदेशात जातो, त्यामुळे त्यावर ट्रक आणि एसटी दोन्ही असतात. नव्या गटाला मी धामणगाव गढीची बाजू सांगतो आणि उतरतानाही तीच. गोल फेरी छान दिसते, पण ज्या रस्त्याने चढलो त्याचे खड्डे, खडी आणि मोड डोक्यात बसलेले असतात. उतरताना ती माहिती कामाला येते.

अमरावतीहून सायकलने निघून चिखलदरा करून त्याच दिवशी परत, हे पहिल्या खेपेला नकोच. अमरावती ते परतवाडा पन्नास किलोमीटर आहे. जाऊन-येऊन दीडशेच्या वर जातं, घाट मध्यात, आणि परतीचे शेवटचे पन्नास भर दुपारी. तुमचा माणूस वळणावर पडला तो बहुधा रस्त्यामुळे कमी आणि थकव्यामुळे जास्त. सायकली गाडीवर टाकून परतवाड्यापर्यंत न्या, तिथून साठ किलोमीटरची फेरी करा. किंवा वर मुक्काम करा. एमटीडीसीचं निवासस्थान आहे, खासगी लॉजही आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या हातांनी उतरणं यासारखं सुख नाही. यात कमीपणा वाटत असेल तर लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइड्सचं वेळापत्रक पाहा: २०० किलोमीटरला साडेतेरा तास देतात, ३०० ला वीस. थांबे धरून सरासरी पंधरा. लांब पल्ला मारणारे लोक घाईवर जगत नाहीत, न थांबता चालत राहण्यावर जगतात.

'आपल्याकडे सरावाला चढच नाहीत' ही विदर्भातल्या सायकलवाल्यांची जुनी रड आहे. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे पाच हजार किलोमीटरची रॅम शर्यत एकट्याने पूर्ण केली. नागपूरही काही डोंगरात वसलेलं नाही. तुम्हाला तर अमरावतीतून बाहेर पडताच पोहऱ्याच्या जंगलातून चांदूर रेल्वेकडे जाणारा रस्ता आहे. चढ मोठे नाहीत, पण एकामागून एक येतात. तिथे एकाच चढावर पाच-सहा वेळा वर-खाली करा. चढायचं म्हणून लोक करतात, खरं तर उतरण्याच्या सरावासाठी करा. त्या भागात बिबट्या आहे, तेव्हा उजाडायच्या आधी नको. बुलढाण्याकडच्यांना मलकापूर रस्त्यावरचा राजूर घाट आहे, त्यांचं बरं चाललंय.

उतार. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण चढावर गट रुसतो आणि उतारावर गट दवाखान्यात जातो.

कोरड्या चांगल्या डांबरावर तीसच्या वेगाने ब्रेक लावल्यावर सायकल थांबायला साधारण नऊ मीटर लागतात, पंचेचाळीसला वीस. शिवाय डोळ्याने पाहून बोटांनी ब्रेक दाबेपर्यंत सेकंदभर जातो. तेवढ्यात तीसला आठ मीटर आणि पंचेचाळीसला साडेबारा मीटर गेलेले असतात. घाटातल्या वळणावर पुढचं किती दिसतं ते बघा आणि वेग त्यावरून ठरवा. दिसत असेल पंधरा मीटर आणि वेग पंचेचाळीस, तर वळणापलीकडे गाय बसलेली नाही या श्रद्धेवर तुम्ही चाललात.

सपाटीवरची चाकाला चाक लावायची सवय माथ्यावरच सोडून यायची. उतारावर दोन सायकलींत निदान तीन-चार सेकंदांचं अंतर ठेवा, नव्यांनी दुप्पट. एकमेकांना ओलांडायचं नाही. कुणाला फारच घाई असेल तर त्याला पहिला सोडा आणि खालच्या थांब्यावर भेटायला सांगा.

ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक कचकन दाबला की चाक सुटतं. हात हॅंडलच्या खालच्या वाकात, दोन बोटं ब्रेकवर, बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि त्यावर वजन, नजर वळणाच्या शेवटाकडे. खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाल. डावीकडच्या वळणावर वेग जास्त झाला तर सायकल आपोआप रस्त्याच्या मध्याकडे, समोरून येणाऱ्या एसटीकडे सरकते. उजवीकडच्या वळणावर ती डाव्या कडेला फेकली जाते, आणि नेमकी तिथेच पावसाने वाहून आणलेली खडी आणि मुरूम साचलेला असतो. दोन्हीकडचं औषध एकच, वळणाआधी वेग कमी. लाल परी वळताना पूर्ण रस्ता घेते. ड्रायव्हरचा दोष नाही, गाडीची लांबीच तेवढी. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायचा नियम आहे. सायकलवालाही त्यात आला, म्हणजे उतरणारे तुम्ही थांबायचं.

ब्रेक सतत घासत ठेवू नका. ऐंशी किलोचं ओझं सातशे मीटर खाली येतं तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते ती साधारण दीड लिटर पाण्याला उकळी आणेल एवढी असते. काही हवा खाते, उरलेली ब्रेकच्या रबरात आणि रिममध्ये जाते. दाबा, सोडा, दाबा, सोडा. मधल्या मोकळ्या क्षणात रिम निवते. कार्बन रिम आणि साधे ब्रेक असणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावं, तापलेल्या रिमवर ट्यूब फुटते. डिस्क ब्रेकवाल्यांनी निघायच्या आधी पॅड किती उरलेत ते पाहावं. अर्ध्या घाटात बोटं दुखून आली, हाताला मुंग्या आल्या तर थांबा. चढावर दम खायला थांबणारे पुष्कळ असतात. उतारावर हातांना विश्रांती द्यायला थांबणारा माणूस मला जास्त शहाणा वाटतो.

डिसेंबर-जानेवारीत आणखी एक गोष्ट. चढताना घामाने अंग ओलं होतं आणि माथ्यावर परतवाड्यापेक्षा चार-पाच अंशांनी थंडी जास्त असते. तशाच ओल्या जर्सीने चाळीसच्या वेगाने खाली सुटलात तर बोटं आखडतात आणि ब्रेकचा अंदाज चुकतो. पातळ विंडचीटर खिशात असू द्या. नसेल तर टपरीवरून कालचा पेपर मागून घ्या आणि छातीवर जर्सीच्या आत घाला. युरोपातले शर्यतवाले पूर्वी हेच करायचे. आपल्याकडे त्या पेपरात आधी भजी बांधलेली नव्हती एवढं बघा.

आपल्या रस्त्यावर काय काय असतं हे हंगामावर आहे आणि ते बाहेरच्या कुठल्याच पुस्तकात मिळत नाही. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं आणि गावाजवळचा अर्धा रस्ता वाळवणाला जातो. दाणे पसरलेल्या डांबरावर रोडबाइकचं चाक उभं राहत नाही. वळू नका, ब्रेक दाबू नका, सरळ जाऊ द्या. आणि ते कुणाच्या तरी वर्षाचं पीक आहे, जमलं तर उतरून कडेने जा. त्याच दिवसांत कुटाराच्या (भुशाच्या) गाड्या निघतात, दोन्ही बाजूंना हात-हातभर पसरलेल्या, ड्रायव्हरला मागचं काहीही दिसत नाही. त्यांना ओलांडायचा मोह नको. नोव्हेंबरपासून कापूस जिनिंगकडे चालतो, संत्र्याचे ट्रक भरतात, आणि कडेला पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या नाहीतर बाभळीचे काटेरी फास पडलेले दिसतात. जानेवारीत तुरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटात सागाची वाळकी पानं वळणावर साचतात. चुरचुर आवाज छान येतो, पण खाली खडी आहे की खड्डा ते दिसत नाही. मार्च-एप्रिलात पहाटे मोह वेचायला माणसं आणि त्याच मोहासाठी अस्वलं येतात. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत पंचेचाळीसच्या उन्हात घाट करायचा विचार मनात आणू नका. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी चिखलदरा पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला असतो, त्यात धुकं आणि सावलीतल्या वळणांवर शेवाळ. हौस असेल तर मधल्या वारी जा.

बैलबंडी मागून गाठताना घंटी नको. सायकलचा आवाज नसतो, घंटी अचानक वाजली की बैल बिचकतो आणि बंडी आडवी होते. बऱ्याच लांबून माणसाच्या आवाजात 'दादा, उजवीकडून येतो' म्हणा. गाडीवान दोर आवळतो, बैलाशी काही बोलतो आणि मगच ओलांडा. ढोरांच्या कळपातून तर उतरून चालतच जा, मागून नव्हे तर गुराख्याच्या बाजूने. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं उजाडताना-मावळताना रस्ता ओलांडतात. एक गेलं की लगेच निघू नका, मागे दुसरं असतं. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात सुरू झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे, त्यामुळे सेमाडोहकडे जायचं तर वन विभागाला आधी विचारा आणि उजेड असेपर्यंत जंगलाबाहेर पडा. वाघ सहसा दिसत नाही. माकडं मात्र हमखास दिसतात. सायकलला लावलेली केळ्यांची पिशवी त्यांना तुमच्याआधी दिसते.

कुत्री मागे लागली तर पळायची स्पर्धा नको, विशेषतः चढावर, तिथे तुम्हीच हराल. उतरा, सायकल मध्ये धरा, दटावा, चालत पुढे जा. चावलंच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठा. चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय. १०८ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

वरच्या गावांमधून, कोरकू वस्त्यांतून जाताना वेग निम्मा करा. पोरं रस्त्यावर धावत येतात. त्यांना चॉकलेटं फेकायची पद्धत काही शहरी गटांनी पाडली आहे, ती मला अजिबात पटत नाही. पोरं दुसऱ्या दिवशी येणाऱ्या ट्रकपुढेही तशीच धावतात. 'राम राम' म्हणा, थांबून बोलायचं असेल तर थांबा. 'गाडी कितीची हाये भाऊ?' हा प्रश्न येणार आणि खरा आकडा सांगितला की 'एवढ्यात तर फटफटी आली असती' हेही ऐकायला मिळणार. ते बरोबरच असतं.

खाण्याचं थोडक्यात. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक मोठं केळं आणि राजगिऱ्याची चिक्की असा हिशेब. भूक लागायच्या आधी. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, एका बाटलीत ओआरएस. पायथ्याशी आलुबोंडा आणि तर्री पोहे खाऊन चढायला लागलात तर दुसऱ्या वळणावर ते पुन्हा भेटतात. खाली आल्यावर हवं तेवढं खा. मोथ्याकडे गवळ्यांचं दूध आणि खवा चांगला मिळतो. वर चिखलदऱ्यात कॉफी प्या. तिथे ती पिकतेही.

पंक्चर आपल्याकडे बाभळीच्या काट्यांनी आणि सराट्यांनी होतात. सराटे डांबरावर नसतात, साइडपट्टीच्या गवतात असतात. थांब्यावर सायकल ढकलत गवतात नेऊ नका, उचलून ठेवा, आणि निघताना दोन्ही टायरवरून हात फिरवा. प्रत्येकाकडे दोन ट्यूब हव्यात. पंचवीसपेक्षा अठ्ठावीस मिलिमीटर रुंदीचे टायर घ्या, हवा थोडी कमी ठेवता येते आणि घाटाच्या खडबडीत डांबरावर पकड चांगली मिळते. बारीक व्हॉल्व्हवर मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याचं कॉम्प्रेसर बसत नाही; पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, तो हत्यारांच्या पिशवीत टाकून ठेवा.

गाडी ठेवावी का? ठेवा, पण सायकलींच्या मागे हळूहळू चालवत नेऊ नका. तिच्यामागे वाहनं तुंबतात, चिडलेला ड्रायव्हर वळणावर ओव्हरटेक करतो आणि तुमच्यातल्याच कुणाला दाबतो. गाडीने थेट पुढच्या थांब्यावर जाऊन उभं राहावं. पाणी, जादा कपडे, मागे बसून जायचं असेल त्याला जागा. गाडीत बसणाऱ्याला चिडवायचं नाही हेही आधीच सांगा, नाही तर थकलेला माणूस लाजेखातर उतारावर सायकल चालवतो. गटात बायका असतील तर परतवाड्यात निघण्यापूर्वी आणि वर पोचल्यावर स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे ते ठरवून ठेवा. 'मध्ये कुठे तरी' हे उत्तर पुरुषांनाच सुचतं.

वर पोचल्यावर पाय उरले तर गाविलगड बघा. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने जड तोफा या डोंगरांतून हातांनी ओढत किल्ल्याच्या उत्तरेला नेल्या आणि १५ तारखेला किल्ला पडला. डांबरी रस्त्यावर ३४ ची कॅसेट लावून कुरकुरणाऱ्याला ही गोष्ट जरूर सांगतो. फक्त सायकलचे बूट घालून किल्ल्यात फिरू नका, तळव्याच्या क्लीटवरून (पायडलमध्ये अडकणाऱ्या खुंटीवरून) पाय घसरतो. साध्या चपला गाडीत टाका.

तारीख ठरवताना मी तुमच्यासाठी डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा थेट फेब्रुवारीची सुरुवात धरेन. डिसेंबरअखेरपासून जानेवारीभर बहिरमची यात्रा असते. परतवाड्याच्या आसपास सुट्टीच्या दिवशी गाड्यांची इतकी गर्दी होते की सायकलवर मजा राहत नाही. डिसेंबरात उजाडायलाच पावणेसात होतात, म्हणून परतवाड्याहून सातला निघा, पहिली तुकडी सव्वासातपर्यंत रस्त्याला लागली की अकराच्या आत सगळे वर असतील, आणि दीडपर्यंत खाली. यात्रेच्याच दिवसांत सुट्टी मिळत असेल तर चिखलदरा शनिवारी सकाळी उरका आणि रविवारी सायकली घरी ठेवून बहिरमला जा. हंडीतलं मटण आणि रोडगे खाताना त्या दोघांना शेवटच्या माणसाच्या शेजारी बसवा.